कलम १८५ आणि चारशे एकोणीस नंबरची चिठ्ठी

हे प्रकरण दिसायला साधं होतं. रात्रीची नाकाबंदी, मोटारसायकलवर एकटा माणूस, ब्रेथ ॲनालायझरवर ५८ चा आकडा. अपघात नाही, हुज्जत नाही, पळून जाण्याचा प्रयत्न नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. आकडा त्याच्या दुपटीजवळ गेला की बहुतेक लोक पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करतात आणि दंड भरून घरी जातात. माझा अशीलही तेच ठरवून आला होता. दंड किती बसेल आणि किती वाजेपर्यंत मोकळं होता येईल, एवढंच त्याला हवं होतं. (ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत; शहर, न्यायालय, पोलीस ठाणं, काहीच सांगत नाही.)

वकीलपत्रावर सही घेण्याआधी मी विचारलं, "काम काय करता तुम्ही?"

"ड्रायव्हर आहे, मॅडम. कंपनीची स्टाफ बस चालवतो."

"आणि त्या रात्री?"

"सुट्टी होती. स्वतःची गाडी होती."

गाडी स्वतःची असो की कंपनीची, लायसन्स एकच असतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, एवढं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ज्याची भीती वाटायला हवी होती ते कलम २० त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कलम १८५ खाली दोषी ठरवलं की न्यायालयाला लायसन्स किमान सहा महिने अपात्र ठरवावंच लागतं. दंड भरून संध्याकाळी सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी बस घेऊन निघू शकत नाही. शिवाय दोष नोंदला जातो, आणि पुन्हा पकडलं गेलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

त्याची बायको सोबत आली होती. सहा महिने हे ऐकल्यावर ती म्हणाली, "मग केस लढवा, मॅडम. लागेल तेवढा वेळ लागू दे." तो मात्र गप्प होता. नंतर दबक्या आवाजात म्हणाला, "पण मी प्यायलो होतो."

या क्षणी काय करायचं, हे नव्या वकिलांना फार गोंधळात टाकतं, म्हणून जरा थांबते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्पष्ट आहे की आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असलं, तरी त्याने आरोपीचा बचाव करावा. त्याच नियमांत हेही आहे की हा बचाव न्याय्य आणि सन्मान्य मार्गांनीच व्हायला हवा. अशिलाने मला खरं सांगितलं म्हणून त्याचा बचावाचा हक्क जात नाही. मात्र "मी दारूला शिवलोही नव्हतो" असं त्याच्या तोंडून न्यायालयात वदवून घेण्याचा मार्ग माझ्यासाठी बंद होतो. मी त्याला तसं सांगितलं. "तुम्ही खोटं बोलायचं नाही आणि मी बोलवणार नाही. कायदा पिण्याला शिक्षा देत नाही. ३० च्या वर असताना गाडी चालवण्याला देतो. ते सिद्ध करणं सरकार पक्षाचं काम आहे. त्यांनी ते नीट केलंय का, एवढंच आपण बघायचं." पहिल्या तारखेला त्याने गुन्हा नाकबूल केला.

कागद हातात आल्यावर मी आधी तेच रस्ते तपासले जे प्रत्येक वकील तपासतो.

पहिला, यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते अचूक मोजतं का याची तपासणी. प्रमाणपत्र होतं, मुदतीत होतं, यंत्राचा अनुक्रमांकही जुळत होता. तो मुद्दा तिथेच संपला.

दुसरा, वैद्यकीय दाखला. नाकाबंदीनंतर तासाभराने त्याला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. दाखल्यावर नेहमीचे शब्द होते: तोंडाला दारूचा वास आहे, चाल स्थिर, बोलणं सुसंगत, बाहुल्या सामान्य, मद्य घेतलेलं आहे पण त्याच्या अंमलाखाली नाही. खाली एक ओळ, "रक्तनमुना घेतला नाही." पुष्कळ वकील "अंमलाखाली नाही" या शब्दांवर सगळी केस उभी करतात. मला ते पटत नाही. कलम १८५ च्या पहिल्या भागात प्रश्न अंमलाचा नसून आकड्याचा आहे. पिण्याची जुनी सवय असलेला माणूस ६० वरही सरळ चालून दाखवतो आणि डॉक्टरांसमोर नीट बोलतो. त्याची प्रतिक्रिया मंदावलेली असतेच. दाखल्याचा उपयोग उलट्या बाजूने होता. वास आला एवढ्यावरून प्रमाण ठरत नाही. १९७१ मध्ये बचुभाई हसनअली कारियानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की तोंडाला वास, डळमळती चाल, असंबद्ध बोलणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यप्राशनाचा पक्का निष्कर्ष काढता येत नाही. म्हणजे सरकार पक्षाला या दाखल्याचा आधार नव्हता. आता सगळा भार यंत्राच्या आकड्यावर होता.

तिसरा, श्वास आणि रक्त यांचं गुणोत्तर. यंत्र रक्त मोजत नाही. फुप्फुसातून आलेल्या हवेतलं अल्कोहोल मोजून ते २१०० ने गुणतं आणि रक्तातलं प्रमाण म्हणून दाखवतं. हे गुणोत्तर माणसागणिक बदलतं, कुणाचं कमी, कुणाचं जास्त. शास्त्र म्हणून मुद्दा खरा आहे, पण कलम १८५ मध्येच "ब्रेथ ॲनालायझरच्या चाचणीत आढळलेलं" असे शब्द आहेत. कायद्याने जी पद्धत स्वीकारली आहे तिच्यावर सरसकट हल्ला चढवला की न्यायाधीश लक्ष काढून घेतात. मी तो मुद्दा लिहिलाही नाही.

मग चिठ्ठीकडे पुन्हा पाहिलं. यंत्रातून छापून येणारी ती छोटी चिठ्ठी, त्यावर तारीख, वेळ २३:१२, निकाल ५८ आणि चाचणी क्रमांक ४१८. त्याच रात्री त्याच नाकाबंदीवर पकडलेल्या दुसऱ्या एका माणसाची केस त्याच न्यायालयात होती. त्याच्या वकिलांनी त्यांची चिठ्ठी मला दाखवली. क्रमांक ४२०, वेळ २३:३१.

मग ४१९ कुठे होती?

मी अशिलाला फोन करून विचारलं. "दोनदा फुंकायला लावलं होतं, मॅडम. पहिल्यांदा आकडा बघून मी म्हटलं, एवढा येणार नाही, परत घ्या. त्यांनी परत घेतली."

"दुसऱ्यांदा किती आला?"

"दाखवला नाही. म्हणाले, तरी वरच आहे."

हे तो आधी का बोलला नाही? कारण त्याच्या लेखी ते महत्त्वाचं नव्हतं. तरी वरच होता ना. अशिलाला काय महत्त्वाचं आहे ते ठाऊक नसतं, आणि विचारलं नाही तर तो सांगत नाही. पहिल्या भेटीत आपण "काय झालं" विचारतो आणि तो सगळी रात्र एका वाक्यात गुंडाळून देतो.

या यंत्रांमध्ये चाचण्यांची नोंद साठते, पण जागा मर्यादित असते. नव्या नोंदी येत गेल्या की जुन्या पुसल्या जातात. म्हणून त्याच दिवशी वाहतूक शाखेला पत्र देऊन त्या यंत्रातल्या त्या रात्रीच्या नोंदी जपून ठेवण्याची मागणी केली आणि पोच घेतली. त्यानंतर त्या नोंदी हजर करायला लावाव्यात म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालयात अर्ज. सरकारी वकिलांनी विरोध केला: आरोपीने पुरावे शोधत फिरू नये, आणि बचावाचा टप्पा आल्याशिवाय आरोपीला अशी कागदपत्रं मागता येत नाहीत. देबेंद्रनाथ पाढी प्रकरणातला २००४ चा निकाल त्यांच्या बाजूने होता, हे मान्य करायला हवं. माझं म्हणणं एवढंच होतं की तोवर थांबलो तर मागायला काही उरणार नाही. न्यायालयाने मधला मार्ग काढला. नोंदी आत्ताच प्रमाणपत्रासह न्यायालयात जमा करायच्या, वापर योग्य टप्प्यावर. नोंदी आल्या, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र.

चाचणी ४१९. वेळ २३:१९. निकाल ३४.

सात मिनिटांत ५८ वरून ३४. या दोन आकड्यांतच माझा सगळा बचाव होता, म्हणून याचा अर्थ नीट सांगते.

यकृत अल्कोहोल ठराविक वेगाने संपवतं. साधारणपणे तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १० ते २० मिलिग्रॅम. सात मिनिटांत रक्तातलं प्रमाण फार तर दोनेक मिलिग्रॅमने उतरेल. चोवीसने उतरणं कुठल्याच शरीराला शक्य नाही. म्हणजे पहिल्या आकड्यात रक्ताबाहेरचं काहीतरी होतं. ते काय, हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे: तोंडातलं अल्कोहोल. शेवटचा घोट घेतल्यावर काही मिनिटं हिरड्यांत, दातांच्या फटीत, लाळेत मद्य राहतं. तेव्हा फुंकर मारली तर फुप्फुसातल्या हवेबरोबर तोंडातली वाफही यंत्रात जाते आणि आकडा फुगतो. हे अल्कोहोल साधारण पंधरा मिनिटांत उडून जातं. म्हणूनच चाचणीआधी पंधरा मिनिटं थांबावं, त्या वेळात काही खाऊ-पिऊ किंवा ओढू देऊ नये, असं या यंत्रांच्या वापराच्या सूचनांमध्ये असतं. या यंत्राच्या पुस्तिकेतही होतं.

आणि जे पंधरा मिनिटांत उडतं ते सात मिनिटांत पूर्ण उडालेलं नसतं. त्यामुळे दुसरा आकडाही शुद्ध होता असं म्हणता येत नाही. तो ३० पासून फक्त चार मिलिग्रॅम वर होता.

हवालदारांचा उलटतपास लांबला नाही.

"पहिल्या चाचणीआधी आरोपीला किती वेळ थांबवलं?"

"थांबवलं नाही. गाडी बाजूला घेतली आणि चाचणी घेतली."

"चूळ भरायला पाणी दिलं?"

"नाही."

"दुसरी चाचणी घेतलीत, हे खरं आहे?"

थोडा वेळ गेला. "हो. त्यांनी विनंती केली होती."

"तो आकडा फिर्यादीत का नाही?"

"दोन्ही मर्यादेच्या वर होते. म्हणून पहिला लिहिला."

"तिसरी चाचणी? रक्ताचा नमुना?"

"नाही. आवश्यकता वाटली नाही. गर्दी होती."

हवालदारांनी खोटं सांगितलं नाही आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर उभं राहून, तऱ्हेतऱ्हेच्या माणसांच्या तोंडाशी यंत्र धरणारे हे लोक आहेत. पंधरा मिनिटं थांबायचं का, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं असेल असं मला त्यांच्या उत्तरांवरून वाटलं नाही. पुस्तिका वाचली आहे का विचारल्यावर ते म्हणाले, "ती कार्यालयात असते." मी त्यांच्यावर आणखी प्रश्न लादले नाहीत. त्यांना लबाड ठरवून मला काहीच मिळणार नव्हतं.

आरोपीच्या जबाबाच्या वेळी, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली न्यायालय प्रत्येक पुराव्याबद्दल विचारतं तेव्हा, अशिलाने ठरल्याप्रमाणे एवढंच सांगितलं की त्याला काही सांगायचं नाही. साक्षीदार म्हणून मी त्याला पिंजऱ्यात उभं केलं नाही. केलं असतं तर त्याला पिण्याबद्दल खरं सांगावं लागलं असतं, आणि ते आमच्या बचावाला आवश्यकही नव्हतं. आम्ही "प्यायलो नाही" असं एकाही कागदावर म्हटलेलं नव्हतं. त्याने मद्य घेतलं होतं ही तर सरकार पक्षाचीच बाजू होती. त्यांच्याच पुराव्यावरून मी म्हणत होते की मग तोंडातही ते असणार.

युक्तिवादात सरकारी वकिलांनी त्यांचा मुद्दा नेमका मांडला. कायद्याला ३० पेक्षा जास्त एवढंच लागतं. आरोपीने स्वतः मागून घेतलेली दुसरी चाचणीही ३४ दाखवते. पहिला आकडा बाजूला ठेवा, दुसऱ्यावर दोषी ठरवा. हा युक्तिवाद कमजोर नव्हता. आदल्या रात्री मी सगळ्यात जास्त वेळ याच उत्तरावर घालवला होता.

न्यायाधीशांनी मला थेट विचारलं, "समजा दुसऱ्या आकड्यातही थोडं तोंडातलं अल्कोहोल होतं. तरी खरा आकडा ३० च्या आत होता, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"मी तसं म्हणतच नाही, साहेब. तो ३० च्या वर होता असं सरकार पक्ष म्हणतो. त्यांच्या दोन आकड्यांतला एक शरीराला अशक्य आहे. दुसरा पहिल्यानंतर सातच मिनिटांनी, त्याच चुकीच्या सावलीत घेतलेला आहे. आणखी आठ-दहा मिनिटं थांबून तिसरी चाचणी घेतली असती तर खरं काय ते कळलं असतं. कलम २०४ खाली रक्ताचा नमुना घेतला असता तरी कळलं असतं. डॉक्टर समोर होते. दोन्ही त्यांच्या हातात होतं."

निकाल छोटा होता. पहिला आकडा विश्वासार्ह नाही. दुसरा त्यापासून वेगळा काढता येईल असा पुरावा नाही. दुसरी नोंद दोषारोपपत्राबाहेर ठेवल्याने फिर्यादीच्या बाजूबद्दल वाजवी शंका राहते. रक्तचाचणी सहज शक्य असूनही केलेली नाही. संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. चिठ्ठीला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र नाही, हा मुद्दाही मी घेतला होता. न्यायालयाने त्यात जायची गरज नाही असं म्हटलं, आणि ते योग्यच होतं.

आता दुसरी आघाडी, जी अशा लेखनात नेहमी राहून जाते. न्यायालयात केस चालू असताना लायसन्स अशिलाच्या खिशात नव्हतंच. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ प्रमाणे पोलिसांनी ते जप्त करून आरटीओकडे पाठवायचं असतं आणि आरटीओ कलम १९ खाली स्वतंत्र कारवाई करतं. तिथे म्हणणं मांडण्याची संधी मिळाली. आम्ही दोन्ही नोंदी दाखवल्या, न्यायालयातला निर्णय होईपर्यंत थांबा अशी विनंती केली. त्यांनी तीन महिने लायसन्स निलंबित केलं. अपिलाला तीस दिवस असतात. पण अपील चालून निकाल लागेपर्यंत निलंबनाचे तीन महिने उलटून जातील हे उघड होतं, आणि अशिलाने ते न करण्याचं ठरवलं. ते तीन महिने त्याने डेपोत गाड्या धुतल्या, कमी पगारावर. निर्दोष सुटल्यावर ते परत आले नाहीत. गुन्हा कबूल केला असता तर न्यायालयाचे किमान सहा महिने आणि कायमचा दोष, एवढा फरक आम्ही मिळवला.

मला या केसबद्दल अनेकांनी विचारलं, प्यायलेल्या माणसाला सोडवलंस याचं तुला काही वाटत नाही का? मला दारू पिऊन चालवणाऱ्यांचा राग येतो. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडला फुटपाथवर झोपलेल्या कामगारांवरून गाडी गेली आणि सात जण गेले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल होतं आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा दोष कायम ठेवला. ही केस मी अशिलाला निकालाच्या दिवशीच, कोर्टाच्या व्हरांड्यात, पूर्ण सांगितली. सुटलास म्हणून ३४ हा आकडा चांगला होत नाही, हे त्याला त्याच दिवशी ऐकवणं गरजेचं होतं. त्याने मान खाली घातली नाही की शपथाही घेतल्या नाहीत. म्हणाला, "गाडी घेऊन गेलो नसतो तर यातलं काहीच झालं नसतं." बायको बाजूलाच उभी होती, ती काही बोलली नाही.

आणि तरीही माझं ठाम मत आहे की घाईत घेतलेली चाचणी रस्त्यावरच्या कुणाचंच रक्षण करत नाही. खरोखर ९० वर असलेला माणूसही तिच्यातून सुटू शकतो आणि २५ वर असलेला अडकू शकतो. त्या नाकाबंदीवर एक खुर्ची ठेवून प्रत्येकाला पंधरा मिनिटं बसवलं असतं, तर माझा अशील एक तर जागच्या जागी सुटला असता, किंवा असा पुरावा तयार झाला असता की मीच त्याला गुन्हा कबूल करायला सांगितलं असतं.

निकालाची प्रमाणित प्रत घेऊन तो कंपनीत गेला. खातेनिहाय चौकशी सुरूच होती. तिथे वाजवी शंकेची कसोटी लागत नाही, संभाव्यतेवर निर्णय होतो, हे मी आधीच बजावलं होतं. ताकीद देऊन त्याला बसवर परत घेतलं, रोज ड्युटीआधी श्वासचाचणी देण्याच्या अटीवर. सरकार पक्षाने अपील केलं नाही.

तेव्हापासून कलम १८५ ची केस आली की यंत्राच्या नोंदी जपून ठेवण्याचं पत्र मी वकीलपत्राच्याच दिवशी पाठवते. ज्युनिअर मुलांना सांगते, दोषारोपपत्राची वाट पाहू नका आणि अशिलाला नेमकं विचारा: किती वेळा फुंकलं, मध्ये किती वेळ गेला, शेवटचा घोट कधीचा, आणि प्रत्येक वेळी चिठ्ठी निघाली का.